पुढच्या रांगेतून उठले

पोलीस ठाण्यात नवऱ्याला खुर्ची दिली. मी उभी.

माझं उजवं मनगट टम्म सुजलं होतं. सकाळी त्यानं ते दारात धरून दार लोटलं होतं. तक्रार द्यायला मी गेले, तर हवालदारानं फोन करून त्यालाच बोलावून घेतलं. तो हायस्कुलात मास्तर. पांढरा शर्ट, खिशाला पेन. हवालदाराची लेक त्याच्याच वर्गात. त्याच्यासाठी चहा आला.

हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, नवरा म्हणाला. हवालदारानं मान डोलावली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमच्या वस्तीत हे रोजचंच हाय बाई. तुला शिकलेला तरी भेटला."

मग हवालदारानं एक कागद लिहिला. तक्रार गैरसमजातून केली, आता माझं काही म्हणणं नाही. सही कर म्हणाला. बोटांत पेन धरवेना. मी बारावी झालेली. गावची आशा कार्यकर्ती. गावातल्या बाळंतपणाच्या सगळ्या नोंदी माझ्या अक्षरात. त्यानं माझा डावा अंगठा शाईत दाबला. "शिकलेली अन् अंगठाबहाद्दर," म्हणून हसला. नवराही हसला.

पुढं सहा महिने मी घरात होते. होते म्हणजे कोंडलेली. शाळेत जाताना तो बाहेरून कडी घालायचा. आशाचं काम सोडायला लावलं. फोन त्याच्याकडं. आई मुखेडहून एकदा आली, त्याच्यासमोर बसून चहा प्याली, गेली. आमचं लग्न जमवणारे वस्तीतले काका समजवायला आले. ठाण्यात कशाला गेलीस पोरी, आपल्यावर बोट दाखवायला त्यायला तेवढंच पाहिजे, म्हणाले.

हवालदार म्हणतो तुमच्यात असंच असतं. काका म्हणतात आपल्यातलं बाहेर नको. मधे मी. मार खाताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मीच तोंडात पदर कोंबायचे.

जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या बुद्धविहारात कार्यक्रम होता. दुपारचा. नवरा मुख्य वक्ता. त्या दिवशी मला बाहेर काढलं. मास्तरची बायको पुढच्या रांगेत दिसायला पाहिजे ना. पांढरी साडी नेसून बसले. तो बाईच्या समतेवर बोलला. चांगला बोलतो तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण. मग माझं हाताकडं लक्ष गेलं. मनगटातून अजूनही कळ येऊन राहिली होती, अन् हात टाळ्या वाजवून राहिले होते. मला माझीच शिसारी आली.

मी उठले. सगळ्यांसमोरून चालत बाहेर पडले. भाषण सोडून माझ्यामागं पळणं त्याला जमलं नाही. चारचौघं बघत होती. फाट्यावर एसटी मिळाली. नांदेडला उतरले अन् घरात मार खाणाऱ्या बायांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचं ऑफिस विचारत गेले. आशा असताना दुसऱ्या बायांना हा पत्ता मीच सांगायचे. स्वतःला कधी सांगितला नव्हता.

तिथल्या मॅडमनं, तो का मारतो, असं विचारलं नाही. कधी, कुठं, कशानं, एवढंच. सगळं लिहून घेतलं. फुकटात वकील बाई मिळवून दिली. मधले दिवस मला बायांच्या सरकारी निवाऱ्यात ठेवलं.

कोर्टात न्यायाधीश बाईंनी विचारलं, "घरी परत गेलात तर काय होईल?"

"तो मला जित्ती ठिवणार न्हाई."

तो कोर्टात येण्याची वाट न बघता त्यांनी अंतरिम हुकूम दिला. मला हात लावायचा नाही. फोन करायचा नाही. त्या घरात पाय ठेवायचा नाही. मोडला तर जेल.

आता मी घरात आहे. तो समोर त्याच्या भावाच्या ओट्यावर बसतो. नुसता बघतो. बाहेर चप्पल वाजली तरी उठून आतली कडी बघते. सुटले, असं म्हणवत नाही.

परवा काका परत आले. केस मागं घे म्हणाले, समाजाच्या अब्रूचा सवाल हाय.

मी म्हणाले, "समाजाची अब्रू समाजानं सांभाळावी, काका. माझ्या पाठीवर ठिवू नका."

ते पाणी न पिता गेले.

पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे. सोबत कोणी आलं तर येवो. न्हाई आलं तर एकटी जाईन. त्याच्यासमोर उभी राहून सगळं सांगीन. केस मागं घेणार नाही.