ओलिंका आत्याचे वडील

माझी ओलिंका आत्या पाहुण्यांशी कधी गोड बोलली नाही. विमानाची घरघर ऐकू आली की म्हणायची, "आले बघ, चौकश्या करायला!" बटाटे, टपाल, औषधं, सगळं त्याच विमानातून यायचं, पण त्याचं तिला कौतुक नव्हतं. सत्तरीतही ती एकटी जाळं ओढायची, एका बैठकीत पन्नास मासे चिरून वाळत घालायची. तिच्या जिभेला अख्खं गाव टरकून असे.

त्या वर्षी आमच्या उत्तरेकडच्या कुस्कोक्विम नदीतला बर्फ फुटत होता, होड्या बंद होत्या. विमानातून शहरातल्या मुलांच्या खात्याची एक बाई उतरली. आत्याकडे सात वर्षांची आसुलुक राहायची. तिची आई वारली होती. पोरीला आत्याकडे ठेवायचं की शहरात न्यायचं, हे ही बाई ठरवणार. मला इंग्रजी येतं, म्हणून दुभाष्या मी.

आम्ही आत गेलो तेव्हा आत्या पोरीच्या ताटात उकडलेलं माशाचं डोकं वाढत होती.

"घ्या बाबा, डोळा आधी खा. आणि होडी पाण्यात कधी घालायची ते सांगा."

"बर्फ गेला की," पोरगी भरल्या तोंडानं म्हणाली.

"ही मुलगी तुमची कोण?" बाईनं विचारलं.

"माझे वडील आहेत ते," आत्या गुरकावली. "आणि तिला म्हणावं, बूट काढ आधी."

मी जसंच्या तसं सांगितलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, मग ते बाळ म्हणजे तोच माणूस. मीसुद्धा त्या पोरीला आजोबाच म्हणतो. यात समजावून सांगण्यासारखं काही आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाईनं मान डोलावली, वहीत बराच वेळ लिहिलं. मला वाटलं, कळलं तिला.

तीन दिवसांनी ती बाई दोन माणसांना आणि कागद घेऊन आली. म्हातारी भ्रमिष्ट आहे, लेकरालाच बाप समजते, असं त्यात होतं. मी घसा फोडून समजावलं. बाई म्हणाली, "त्या दिवशी का नाही बोललात?" पोरीला घेऊन ते उडाले.

धावपट्टीवर आत्या रडली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती.

"बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हाही असंच विमानात घातलं होतं," ती म्हणाली. "पेटीतून परत आले. त्याच महिन्यात ही पोर जन्मली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. या खेपेला त्यांना विमानात तू घातलंस, एव्हन."