त्यानं ‘आई’ म्हटलं होतं

शिरूरच्या बाजारातलं ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा. दौंडहून बदली होऊन मी नुकताच शिरूरला आलो होतो. रांजणगावची एमआयडीसी तेव्हा जोर धरत होती. आठवडे बाजारात बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार दिसू लागले होते आणि गावाला त्यांची सवय अजून व्हायची होती.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी पोलीस ठाण्यातला फोन वाजला. ओळखीचा किराणा दुकानदार होता. “सायेब, पोरं पळवणारा घावलाय. लवकर या, न्हाईतर तुमच्या हाती काय उरायचं न्हाई.”

जीप घेऊन पोचलो, तर गर्दीत एक परप्रांतीय तरुण उभा होता. शर्ट फाटलेला, गाल सुजलेला. मुलीचा बाप त्याची कॉलर सोडायला तयार नव्हता. आईच्या एका कडेवर चार वर्षांची लेक होती आणि मोकळ्या हातातल्या चपलेनं ती त्याचा समाचार घेत होती. लेकीचा उजवा हात नुसता लोंबत होता. नोकरीत मी एक पाहिलंय. परक्यानं लेकराला दुखवलं की बाप आधी मारतो, मग लेकराकडं बघतो. आई आधी लेकराला उचलते, मग मारते. पण आईचा मार जास्त लागतो.

तरुणाला ताब्यात घेतलं, मायलेकींना सरकारी दवाखान्यात पाठवलं. कोपराचा सांधा निखळला होता. डॉक्टरांनी तो झटक्यात बसवला आणि बाई लेक घेऊन थेट ठाण्यात आली. मी मुलीला बिस्किट दिलं आणि काय झालं ते विचारलं.

“काका आई, आई म्हनला. आन् मला वढलं.”

“ऐकलं का सायेब?” बाप म्हणाला. “आईचं नाव घिऊन पळवत व्हता. ह्याच्यावर केस झाल्याबिगर मी हितनं हलायचा न्हाई.”

तरुण सांगत होता, कंपनीची बस उलटी मागं येत होती म्हणून पोरीला ओढलं. पण बाजारातले सगळे म्हणत होते, बस जागेवर उभी होती. ती आता कामगार घेऊन निघून गेली होती. मी त्याला सरळ विचारलं, “बच्ची को आई बोला क्या?”

“बोला, साहब. ज़ोर से बोला.”

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. आरोपीनं स्वतःच्या तोंडानं कबुली दिली, आणखी काय पाहिजे? अपहरणाचा गुन्हा नोंदवायची तयारी सुरू झाली. बापाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. तरुण मान खाली घालून कोपऱ्यात बसला. नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंग समोर दिसत होता.

मुलीला बाकावर बसवून बाई बाहेर नळावर तोंड धुवायला गेली. तेवढ्यात हॉटेलवाला चहा घेऊन दारात आला. मी कागदात डोकं घातलेलं. कोपऱ्यातून तो तरुण हळूच म्हणाला, “साहब, चाय आई.”

बिस्किट खाता खाता मुलगी दाराकडं वळली. “कुठंय आई?”

माझा पेन हातातच राहिला. दौंडच्या फलाटावर मी रोज ऐकायचो, ‘गाडी आई, गाडी आई’. रोज ऐकून कान मेले होते, दुसरं काय.

“बाज़ार में क्या बोला था? पूरा बोल.”

“आई, आई, गाड़ी आई, यही बोला साहब. बच्ची बस के पीछे बैठी थी. उठी नहीं, इधर-उधर देखने लगी. तब खींचा.”

उठणार कशी? ती आई कुठं दिसतेय ते बघत होती.

तरी पोलिसानं गोष्टीवर भुलायचं नसतं. मुलीच्या एका पायात चप्पल नव्हती, हे तोवर आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हवालदारांना जागेवर पाठवलं. बस उभी होती तिथल्या मातीत तेवढीशी गुलाबी चप्पल सापडली. पार चपटी झालेली, वर टायरची नक्षी. संध्याकाळी बस बाजारात परतली तेव्हा ड्रायव्हरही म्हणाला, “व्हय सायेब, जराशी मागं घेतली व्हती.”

ती चप्पल बापानं हातात घेतली, उलटीपालटी केली आणि तो मटकन फरशीवरच बसला. बाई मात्र नवऱ्यावर घसरली. “पोरीकडं ध्यान ठेवा म्हनलं व्हतं ना तुमाला?” मग ती तरुणापुढं गेली आणि खाली बघत म्हणाली, “भाऊ, जेवला का न्हाई सकाळपास्नं?” त्याला काही कळेना. बापानं डोळे पुसत हिंदी जुळवली, “वो पूछती है, तुम जेव्या क्या?”

मार खाल्ल्याबद्दल तक्रार द्यायचीय का, असं मी त्याला विचारलं. तो नको म्हणाला. डायरीला नोंद घेतली आणि विषय मिटवला. पण त्या दिवसापासून साक्षीदारानं शब्द सांगितला की तो मुळात कुणाच्या तोंडचा, हे मी आधी विचारू लागलो. आईबापांना मात्र मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. लेकराचा हात लोंबताना दिसल्यावर व्याकरण कोण बघतं?

निघताना ठाण्याबाहेर त्याला न्यायला आलेल्या बसचा हॉर्न वाजला. तरुण घाईनं उठला. “साहब, हमारी बस आई.”

बरा झालेला हात वर करून मुलीनं आधी आईकडं बोट दाखवलं, मग दाराबाहेर.

“ही आई हाय, काका. ती बस.”