नंदाखालच्या घराचे फोटो

शाळेत नोकरी लागली तेव्हा नंदाखाल गावात मला राहायला खोली दिली ती काका-मावशींनी; नात्यातले नव्हते, मीच त्यांना तसं म्हणायचो. त्यांच्या जुन्या घराच्या मागे, केळीच्या वाडीला लागून ती खोली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आईवडिलांना त्याचा केवढा अभिमान! पण पहिला पगार होईपर्यंत मला जेवू घातलं ते मावशीने. पुढे लग्न करून मी स्टेशनजवळ राहायला गेलो, तरी महिन्यातून एखादी फेरी व्हायचीच. "मास्तर, बारीक झालास. बायको पेपर तपासल्यासारखी हात राखून वाढते काय?" असं ती विचारायची.

घर काकांच्या पणजोबांनी बांधलेलं. रुंद व्हरांडा, जाड भिंती, खिडक्यांवर रंगीत काचांच्या कमानी, अंगणात दगडी क्रूस. मागे नारळ, केळी, सोनचाफा आणि बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं जुनं गोड्या पाण्याचं तळं.

नव्वदचं दशक संपत आलं असताना मावशी बावखलाच्या काठावर घसरली आणि तिचा खुबा मोडला. थोरल्या मुलाने तिला एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटवर नेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथे ती रोज एकच विचारायची, "घरी कधी नेता?" इकडे घराचा आणि वाडीचा सौदा होऊन गेला होता. मुलांना वाडी करायची नव्हती, विहिरीचं पाणी खारट होत चाललं होतं. काकांनी सही केली. मावशीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"तुझा कॅमेरा घेऊन ये," काका मला म्हणाले. "घर ठीक आहे, वाडी हिरवी आहे, एवढं तिला दिसू दे. जिवाला जरा बरं वाटेल तिच्या."

रविवारी गेलो तर घर ओळखू येईना. फोटो काढायचा तर घराने नीट दिसलं पाहिजे, म्हणून काकांनी चुन्यात थोडी नीळ घालून सगळ्या भिंती पांढऱ्या केल्या होत्या. केळीची सुकलेली पानं काढली होती. व्हरांड्यातल्या केरसुण्या, कोयते, मावशीची केळी वाहायची पाटी, सगळं आत नेऊन ठेवलं होतं. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून परतणारा शेजारी कुंपणापाशी थांबला.

"काय रे, घर पांढरं केलंस! लग्न काय तुझंच?"

"हो, तुला करवला करतो. चालशील?"

दोघेही हसले. त्या गावात घराला सफेदी होते ती लग्नाआधी, हे मला तेव्हा ठाऊक होतं. पण पुढचा विचार ना माझ्या मनात आला ना काकांच्या.

मी मन लावून फोटो काढले. इतक्या पांढऱ्या भिंतीपुढे कॅमेरा फसतो, भिंत करडी येते. म्हणून लेन्स थोडी जास्त उघडावी लागत होती. व्हरांडा घेतला, कमानी घेतल्या, बावखलात उलटे दिसणारे नारळ घेतले. काका मागून सांगत होते, "चाफा घे. तो तिने लावलाय."

फोटो धुऊन आले आणि आम्ही दोघे फ्लॅटवर गेलो. मावशी खाटेवर बसून होती. तिने चष्मा लावला आणि एकेक फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. आधी तिचा चेहरा फुलला. मग तिने व्हरांड्याचा फोटो पुन्हा वर घेतला.

"सफेदी केलीत?"

"घाण दिसत होतं," काका म्हणाले.

"लग्न नाही घरात. नातवंडं शाळेत आहेत." तिने चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. "कुणाला दाखवायला केलीत? विकलंत?"

"तुझ्यासाठीच केली गं. फोटो चांगला यावा म्हणून."

"ते नाही विचारत. विकलंत का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. स्वयंपाकघरात सुनेने नळ बंद केला.

"हो," काका म्हणाले.

"बावखलसुद्धा?"

"सगळंच."

मावशी रडली नाही. फोटो एकावर एक नीट जुळवत ती मला म्हणाली, "रिकामं घर काढलंस रे मास्तर. मला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं असतं, तर व्हरांड्यात बसले असते मी."

"येत्या रविवारी नेतो तुला," काका घाईने म्हणाले. "हा आहे, मुलगे आहेत. उचलू की."

"आता नको. आता ते दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या व्हरांड्यात काय बसायचं?"

त्यानंतर ती आणखी काही वर्षं त्या फ्लॅटवर होती; घर सोडल्यावर काकाही तिथेच राहायला आले. घराचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. मी भेटायला गेलो की माझ्या मुलांची चौकशी करायची, खायला द्यायला सुनेला सांगायची. काका मला सोडायला जिन्यापर्यंत यायचे. एकदा कठडा धरून म्हणाले, "रोज विचारायची तेव्हा मी वैतागायचो. आता मीच म्हणतो, एकदा तरी विचार, घरी कधी नेता म्हणून. तर माझ्याकडे बघतसुद्धा नाही."