बुटातलं वृक्षासन

ड्रिलमास्तर व्हायला निघालेली माणसं एका छपराखाली राहिली की किस्से आपोआप साठतात. आमच्या किहीमच्या वर्गाचे मी हसत सांगायला घेतो आणि निम्म्यात माझंच डोकं तापतं.

आम्हाला शिकवायला वैद्यमास्तर. आसनांनी हातापायांचा मेळ बसला की कवायत सोपी जाते, हे त्यांचं म्हणणं. वरच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांना ते पटत नसे. त्यांनी फर्मान काढलं, "युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म. आसनंसुद्धा बूट घालूनच."

वृक्षासनात बुटाचे खिळे आपल्याच मांडीत रुतले आणि अख्खी रांग आडवी झाली. साहेब म्हणाले, "बघा, योगात काही दम नाही."

*

शवासनही साहेबांना शिट्टीवर हवं. एका शिट्टीला श्वास आत, दुसरीला बाहेर. एकदा पहिली शिट्टी वाजली आणि साहेबांनाच ठसका लागला. आम्ही श्वास कोंडून पडलेले. शेवटी एकाने सोडला.

त्याला मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा झाली. का, तर हुकमाआधी श्वास सोडला!

*

पण माझं डोकं खरं तापतं ते आमच्या वर्गातल्या धर्माच्या किश्श्याने. हा थळच्या कोळ्याचा मुलगा. हलत्या होडीत उभा राहून जाळं फेकायचा, मात्र मार्च करताना डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे जायचा. साहेब त्याला मुद्दाम पुढे बोलवायचे आणि आम्हाला हसायला लावायचे. लाज वाटायला हवी होती त्यांना. नापास झाला तर त्याची मास्तरकी गेली, आणि त्याच्यासाठी बाप म्हातारपणी एकटा समुद्रावर जात होता.

वैद्यमास्तर त्याला रोज सकाळी अनवाणी वाळूत आसनात उभा करत. उजवा हात, डावा पाय, सावकाश, श्वासाबरोबर. परीक्षेत धर्मा एकदाही चुकला नाही.

साहेब म्हणाले, "चालला बरोबर, पण शिकला आसनांनी. पास करायचा की नाही, ते मुंबईला जाऊन ठरवतो."

*

त्याच दुपारी साहेब मुंबईला निघाले. मचवा पाण्यात, वाळूपासून त्याच्यापर्यंत एक फळी. आम्ही म्हटलं, बूट काढा. काढतील कसले! मधोमध पोचले, लाट आली, फळी हलली. साहेबांचा डावा पाय आणि डावा हात एकदमच पुढे गेले आणि ते तिथेच थिजले.

खाली कमरेभर पाण्यात फळी धरून धर्मा उभा होता.

"अरे, हात दे, हात दे," साहेब ओरडले.

धर्माने वर पाहिलं. एक हात फळीवर, दुसरा पाठीमागे.

"सायेब, पास का नापास, ता आदी सांगा."