शिवलीलाच्या मशीनवर

चनबसप्पा हत्तुऱ्यांचं दुकान कोर्टासमोरच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतीला टेकवलेल्या दोन खुर्च्या. पूर्वी ते गाण्यांच्या कॅसेटी भरून देत. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. मग सीड्याही घराघरांतून गेल्या, पण वकिलांच्या फायलींतून अजून गेल्या नाहीत. त्यामुळे बासष्टाव्या वर्षीही त्यांचं बरं चाललं होतं.

त्यांचा एक नेम होता. भरलेली सीडी स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासायची नाही. शेजारी शिवलीला कॉम्प्युटरवर टायपिंग करते, तिच्या जुन्या, घरघरणाऱ्या मशीनवर लावायची. तिथं उघडली तर कुठंही उघडेल. "आपण केलेली आमटी आपल्याला अळणी लागत नाही," असं ते एकदा म्हणाले होते. एरवी ते फारसं बोलत नसत.

गेल्या महिन्यात सीडी भरायचा जुना रायटर बंद पडला. महेश्वरीनं, त्यांच्या मुलीनं, पुण्याहून नवा पाठवला, वहीएवढा आणि काळाभोर. जुना एका सीडीला वीस मिनिटं घ्यायचा. हा चार मिनिटांत मोकळा व्हायचा आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवायचा, तपासणी झाली, चूक नाही. शिवलीलाला सारखं उठवायची चनबसप्पांना भीडच वाटायची. हिरवी खूण आहे तर तिला कशाला त्रास, असं एक दिवस झालं, दुसऱ्या दिवशी झालं, आणि नेम सुटला.

शुक्रवारी कुंभारीच्या निंगव्वा आल्या. शेजाऱ्यानं यंत्र लावून त्यांचा बांध उकरला होता, ते त्यांनी मोबाइलवर टिपलं होतं. सोमवारी वकिलाला सीडी द्यायची होती. सीडी भरून हातात पडल्यावर त्या म्हणाल्या,

"अण्णा, फोन लई भरलाय. हे काढून टाकलं तर चालंल का?"

हिरवी खूण समोरच होती. "काढा की. सीडीत हाय आता," चनबसप्पा म्हणाले. आणि लोकांच्या घरच्या गोष्टी आपल्याकडे ठेवायच्या नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरूनही ते पुसून टाकलं.

शनिवारी शिवलीला दारात उभी राहिली. "रुसलाव व्हय अण्णा? महिना झाला, माझ्या मशीनला सीडीचं दर्शन न्हाय!" हसत हसत तिनं टेबलावरची ताजी सीडी उचलली आणि आपल्या मशीनमध्ये घातली. मशीन घरघरलं, थांबलं. पुन्हा घातली. काहीच नाही.

"तुझंच बिघडलं असंल," चनबसप्पा म्हणाले.

तिनं त्यांचीच गेल्या वर्षीची एक सीडी शोधून लावली. ती लगेच उघडली. मग नवी सीडी चनबसप्पांनी आपल्या रायटरमध्ये घातली, तर तिथं तीही उघडली.

"सोताचं अक्षर सोताला येतंय की वाचाया," शिवलीला म्हणाली. "आमच्या डॉक्टरला बी येतंय."

चनबसप्पा हसले नाहीत. त्यांना निंगव्वांचा भरलेला फोन आठवला.

रविवारी सकाळच्या बसनं ते कुंभारीला गेले. वाटेत त्यांनी मनाशी तीन सबबी जुळवल्या. निंगव्वा अंगणात शेंगा फोडत होत्या. त्यांना बघून एकही सबब तोंडात आली नाही. सीडी दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही बहुतेक, एवढंच त्यांनी सांगितलं.

"फोनातनं तर परवाच काढलं. तुमीच म्हनलाव की!"

"मीच म्हणालो, अक्का."

"मग आता बांध कुटं बगायचा?"

"माझ्या रायटरवर दिसंल. तितनं दुसरी भरून देतो. सीडी द्या."

निंगव्वांनी हातातली शेंग खाली टाकली. "परत तुमच्या हातात? मीच येते." बसमध्ये त्यांनी ती सीडी पिशवीत घालून मांडीवर ठेवली होती.

दुकान उघडून चनबसप्पांनी सीडी रायटरमध्ये सरकवली. पडद्यावर पिवळं यंत्र आलं, त्याच्या दातांखाली ढासळणारा बांध आला. निंगव्वांनी पदरानं तोंड पुसलं. चनबसप्पांनी ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, रायटरचा वेग सगळ्यांत कमी केला आणि कोरी सीडी घातली. दोघं खुर्च्यांवर बसून राहिले.

"परवा तर पटदिशी झालं हुतं," निंगव्वा म्हणाल्या.

"तितंच चुकलं."

सीडी बाहेर आल्यावर त्यांनी शिवलीलाला फोन लावला. रविवारी, जेवणाच्या वेळेला. ती जवळच राहते, ओल्या हातानंच आली. मशीन घरघरलं. मग पिवळं यंत्र दिसलं.

"आनी एकावर लावा," निंगव्वा म्हणाल्या.

चनबसप्पांना राग आला नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही लावून झाली. तिथंही बांध दिसला, तेव्हा कुठं निंगव्वांनी नवी सीडी पिशवीत घातली. निघताना त्यांनी पदराला बांधलेल्या मूठभर शेंगा टेबलावर ओतल्या.

चनबसप्पांनी एक मोठा कागद घेतला आणि जाड पेननं लिहिलं, 'गेल्या महिन्याभरात इथून नेलेल्या सीड्या परत आणाव्यात. बदलून मिळतील. चूक आमची आहे.' तो दाराला चिकटवून त्यांनी बराच वेळ न्याहाळला. त्यांना तर सगळं स्वच्छ दिसत होतं.

शिवलीला कुलूप लावून निघाली होती.

"शिवलीला," त्यांनी हाक मारली, "जरा रस्त्याच्या पलीकडनं वाचून बग की."