वाळवंटात लावलेलं टोचन

हसायचं असंल तर आधी चहा गिळा. मागल्या बारीला हा किस्सा सांगितला तवा एकानं माझ्या नव्या सदऱ्यावर फुर्रकन उडवला हुता.

तर माझी थोरली, शुभी. पुण्यात चित्रकला शिकली. तिला राजस्थानच्या वाळवंटात कलेच्या जत्रेत काम मांडायला बोलावलं. पाहुणे बघायला येणार, आन् ज्येचं काम आवडंल त्येला परदेशात वरीसभर शिकायला धाडणार. पोरगी महिनाभर आधी गेली. जाताना बजावलं, "आबा, तुमी येऊ नका हां."

आता बापाला असं सांगितल्यावर बाप ऱ्हातोय व्हय?

जीप काढली. एकटाच निघालो. मंडळींनी भाकरी, ठेचा आन् गुळाची ढेप बांधून दिली आन् वर दम दिला, "आवं, लोकांच्यात नाक खुपसायची खोड हितंच आष्ट्यात ठेवून जावा. तितं कशालाबी हात लावू नका."

"मी काय बारकं पोरगं हाय काय?" म्हणलं.

तीन दिवस गाडी हाकली. रस्ता इचारला की तिकडचा माणूस म्हणायचा, "बस, आगे ही है." चार तास झालं तरी आगेच! चौथ्या दिवशी दुपारी पोचलो.

समोर बघतो तर एक पांढरी जीप वाळूत पार चाकाच्या आसापतूर रुतलेली. दार उघडं. भाईर एक चप्पल पडलेली. शेजारी इंग्रजीत बोर्ड हुता. म्हणलं, जागा विकायची असंल कुणाला तरी.

लोकं येत हुती, काळं चष्मं लावून. थांबायची, फोटो काढायची आन् पुढं जायची. एकानंबी हात लावला न्हाई गड्या!

माझं डोस्कंच फिरलं. आमच्याकडं उसाची ट्रॉली रुतली तर लग्नाच्या वरातीतला नवरदेवबी खाली उतरून ढकलतो. रुतलेली गाडी बघून पुढं गेलेल्या माणसाला आष्ट्यात कुणी पोरगी देत न्हाई.

साखळी काढली, टोचन लावलं, खालचा गिअर टाकला. दहा मिंटात भाईर! काचबी पुसली. चप्पल उचलून नीट आत ठेवली.

तेवढ्यात शुभी पळत आली. मला वाटलं, बापाला बघून पळतीया.

"आबा! काय केलंसा ह्ये?"

"काढली की! कुठल्या गाढवानं घातली हुती कुणास ठावं."

"मी घातली! पंधरा दिवस लागलं!"

"आगं मग मला फोन करायचा न्हाई व्हय?"

"ती रुतलेलीच दाखवायची हुती, आबा! अडलेल्याजवळ कुणी थांबत न्हाई, फोटो काढून पुढं जात्यात, ह्येच तर माजं काम हाय. समद्या जगातनं तुमीच कसं थांबलासा?"

आन् ती वाळूत फतकल मारून रडायला लागली. खरं सांगतो, लय वाईट वाटलं. पाच वाजता पाहुणे येणार, आन् घड्याळात वाजलेलं तीन.

"रडू नगंस," म्हणलं. "काढली तशी घालतो."

पर गाडी काढण्यात माझी हयात गेली, घालायचं कधी शिकलो न्हाई. शेवटी माझी जीप मागं लावली आन् पांढरीला परत त्याच खड्ड्यात ढकलली. गेली की बेस आत! शुभीनं वाळू सारखी केली, चप्पल जाग्यावर टाकली. मी म्हणलं, चला, आता आपली जीप मागं घ्यावी.

मागं कुठली येतीया! जेवढा दाबतोय तेवढी खाली. चारी चाकं बुडाली.

तवर पाहुणे आलं.

मी आपला खिडकीतनं हात हालवतोय, "आवं, ही खरीच रुतलीया! जरा ढकला की! एऽऽ पुश करो भाई!"

लोकं हाताची घडी घालून ऐकत हुती. एका बाईनं डोळं पुसलं. समद्यांनी माझं फोटो काढलं आन् पुढं गेली.

मागनं शुभी खुणा करत हुती, गप बसा, गप बसा.

पाहुण्यांतल्या मोठ्या बाईंनी तिचा हात धरला. पयली गाडी चांगली हाय, पर दुसरी तर काळजालाच भिडली म्हणं. जत्रा संपंस्तवर त्या गाडीला कुणी हात लावायचा न्हाई! शुभीची निवड झाली. पोरगी माझ्या गळ्यात पडून हसत हुती आन् रडतबी हुती. मग गाडी सोडवा म्हणायला तोंड उरलं न्हाई.

रेल्वेनं, मग एस्टीनं आष्ट्याला आलो. मंडळी दारातच हुत्या. माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं.

"आवं, गाडी कुठं हाय?"

"प्रदर्शनात."

"आन् तुमी?"

"मला न्हाई घेतलं."