नदीचं नाव विचारायला निघालेल्या बाई

आमच्या भूगोलाच्या बाईंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नुसती ऐकून मान्य केली असेल असं मला वाटत नाही. दूध उतू जाईल असं कुणी सांगितलं, तरी त्या ते उतू जाताना बघायच्या आणि मगच गॅस बंद करायच्या. जळगावच्या ज्या शाळेत मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मराठी शिकवायला लागले, तिथे बाई एकोणीस वर्षांपासून भूगोल शिकवत होत्या. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही, राहणं स्टेशनमागच्या दोन खोल्यांत. पर्समध्ये कुंकवाची डबी नसायची, थर्मामीटर असायचा. तापाचा नव्हे, हवेचा. शिक्षकांच्या खोलीत शिरल्या की आधी तो भिंतीला टेकवायच्या आणि मग खुर्चीत बसायच्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून सगळ्यांना त्या विषयाच्या नावाने हाक मारत. "गणित आज रजेवर आहे का?" "अगं, इतिहासाला सांग, डबा विसरलाय." मी अर्थातच 'मराठी' होते. मुख्याध्यापकांना कुठलाच विषय नव्हता, त्यामुळे त्यांना हाक मारायची वेळ आली की बाई नुसत्या खाकरायच्या.

भाजीबाजारात बाईंबरोबर जाणं म्हणजे अर्ध्या दिवसाची खोटी. मेथीची जुडी उचलायची आणि विचारायचं, ही कुठल्या गावची? धरणगावची म्हटलं की, विहिरीवरची का पाटावरची? विहीर किती परस खोल? माती काळी का भुरकट? भाजीवाली मावशी पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं द्यायची, तिसऱ्याला जुडी पिशवीत कोंबायची आणि चौथ्याला म्हणायची, "बाई, पैसे नका देऊ, पण आता जा."

हा स्वभाव घरात आणि बाजारात खपून जात होता. पंचाईत झाली ती एसटीत. परीक्षेच्या कामासाठी आम्ही दोघी धुळ्याला निघालो होतो. पारोळा मागे पडलं, एक पूल आला आणि बाईंनी उठून घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. कंडक्टर मागून ओरडला, "कोण उतरतंय?"

"कुणी नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "ही नदी कोणती?"

कंडक्टरने खिडकीतून खाली पाहिलं. "नदीच शे, बाई."

"हो, पण नाव काय?"

"माझ्याजवळ गावांची तिकिटं आहेत. नद्यांची नाहीत," तो म्हणाला आणि डबल घंटी दिली.

गाडीतली चाळीस माणसं हसली. खाली बोरी नदी होती हे बाईंना ठाऊक होतं. दरवर्षी त्या ती नकाशात भरून घेत. पुस्तकातलं ते नाव तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. धुळ्याला उतरताना मला म्हणाल्या, "मराठी, वाहन असं पाहिजे की जे आपण म्हणू तिथे थांबेल."

असं वाहन एकच होतं आणि ते बाईंना येत नव्हतं. पुढच्या सोमवारपासून शाळा सुटल्यावर मैदानावर बाईंचं सायकल शिकणं सुरू झालं. शिकवायला आमचे शिपाई भाऊ. ते कॅरिअर धरून मागे पळायचे आणि बाई पाचव्या पायडलला विचारायच्या, "भाऊ, धरलंय ना?" "धरेल शे, बाई. तुम्ही पुढे देखा." पण ऐकून विश्वास ठेवतील तर त्या बाई कसल्या? खरंच धरलंय का हे बघायला त्या मान वळवायच्या आणि पडायच्या. सबंध पावसाळाभर हे चाललं. शेवटी भाऊंनी युक्ती केली. कॅरिअर सोडून ते बाईंच्या पुढे पळायला लागले. आता भाऊ समोर दिसत होते, म्हणजे मागे कुणी धरलेलं नाही हे बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी पटलं आणि त्या दिवशी त्या पडल्या नाहीत.

नाताळच्या सुट्टीत सायकलने धुळ्याला जायचं असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नव्वद किलोमीटर आहे. आणि तुम्हीच मुलांना शिकवता ना, की तापीकाठचा खानदेश सपाट आहे म्हणून? मग त्यात बघायचं काय?" बाई खाकरल्या. मग म्हणाल्या, "शिकवते. पाहिलेलं नाही." माझं माहेर धुळ्याचं. मुक्काम आमच्या घरी, आणि सोबत मी. चोवीस वर्षांची होते, सायकल लहानपणापासून येत होती. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईंना सांभाळून नेणं हे माझंच काम, अशी माझी समजूत होती.

पहाटे पाचला निघालो. थंडी चांगली होती. बाईंनी पातळाच्या निऱ्या साखळीत जाऊ नयेत म्हणून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते, डाव्या बाजूला चार आणि उजव्या बाजूला चार. कॅरिअरला दशम्या, लसणाची चटणी, हवा भरायचा पंप आणि वही. गिरणेच्या पुलापर्यंत आम्हाला दीड तास लागला. सायकल चालवायला अर्धा तास, बाकीचा वेळ थर्मामीटर वाचायला. पुलावर बाई उतरल्या, पुलाखाली आणखी थंडी आहे असं त्यांनी तिथे जाऊन ठरवलं, वहीत लिहिलं आणि मग आम्ही पलीकडच्या चढाला लागलो. हो, चढाला. बसमधून शंभरदा गेलेय मी त्या रस्त्याने, तिथे चढ आहे हे मला कधी कळलं नव्हतं. पिंढऱ्या मात्र दहा मिनिटांत सांगायला लागल्या. थोड्या वेळाने दोघीही उतरून सायकली ढकलायला लागलो.

"मराठी," बाई धापा टाकत म्हणाल्या, "सपाट प्रदेशात आपण ढकलत का चाललोय?"

बाई मैलाच्या दगडावर बसल्या आणि वहीत रस्त्याची आडवी रेघ काढून तिला गिरणेचा एक खळगा पाडला. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी त्यांना न मागता बक्षीस दिलं. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना त्यांचा कापूस अडकून राहिला होता. तो किती उंचीपर्यंत अडकतो हे बाईंनी हात वर करून मोजलं. तेव्हापासून एरंडोलपर्यंत त्यांच्या अंबाड्यात कापूस होता.

एरंडोलच्या अलीकडे एका शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललं होतं. वास आला आणि आम्ही दोघी न बोलता थांबलो. जाळाशी बसलेल्या बाईने आम्हाला आपादमस्तक पाहिलं, चिमट्यांवर तिची नजर थांबली.

"कथा चालनात?"

"धुळ्याला," मी म्हटलं.

"धुयाले? यष्टी बंद शे का?"

"बंद नाही," बाई म्हणाल्या, "पण ती थांबत नाही."

हे त्या बाईला एकदम पटलं. तिच्या गावालाही एसटी थांबत नव्हती. तिने आम्हाला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर भरीत वाढलं आणि बाईंनी तिला जमिनीबद्दल जे जे विचारलं त्या सगळ्याची उत्तरं दिली. भूगोलाच्या बाईंना शेवटपर्यंत उत्तर देणारं मी पाहिलेलं ते पहिलं माणूस.

एरंडोलला अंजनी नदीवर वहीत दुसरा खळगा पडला. तिथून पारोळ्यापर्यंतचं मला नीटसं आठवत नाही. तळहातांना फोड आले होते, मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या, आणि बाई मात्र पुढे संथपणे, जात्याच्या लयीत पायडल मारत होत्या. पारोळ्याच्या स्टँडवर दुपारी दीड वाजता 'धुळे' पाटीची गाडी उभी दिसली. इंजिन चालू होतं. मी सायकल भिंतीला लावली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, मला जमणार नाही. चला, दोघी बसने जाऊ."

बाई रागावल्या नाहीत. आग्रहही केला नाही. "जा," म्हणाल्या. "आईंना सांग, दोन भाकऱ्या जास्त टाका." हमाल माझी सायकल टपावर चढवत होता, तर त्याला विचारलं, वर किती सायकली मावतात? तो म्हणाला सात. त्यांनी लिहून घेतलं. गाडी सुटली तेव्हा त्या स्टँडच्या नळावर तोंड धुत होत्या. मी खिडकीला डोकं टेकवलं आणि मला धुळ्यातच जाग आली.

घरी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दार उघडलं. "बाई कुठायत?"

"येतायत मागून."

"मागून म्हणजे?"

मी सांगितलं. नानांनी खुंटीवरचा कोट घेतला, वहाणा घातल्या आणि चालायला लागले. मी पाय ओढत मागे. पारोळ्याचा रस्ता शहरात शिरतो तिथे एक चहाची टपरी होती, तिच्या बाकावर आम्ही बसलो. चार वाजले, पाच वाजले. वयाने मोठ्या, परगावच्या बाईला अर्ध्या रस्त्यात सोडून नानांची लेक बसमध्ये झोपून आली होती, आणि यावर बोलण्यासारखं काही नव्हतंच. पारोळ्याकडून येणारं जे वाहन टपरीवर थांबे, त्याला ते उठून विचारत. एका ट्रकवाल्याने सांगितलं, "दिसल्या ना. मला थांबवलं. गाडीत काय आहे विचारलं. केळी म्हटलं तर म्हणे, कुठल्या गावची?"

माझ्या जिवात जीव आला. साडेपाचला एक एसटी थांबली. ड्रायव्हर चहा घेत म्हणाला, "सायकलवाल्या बाई? हां. नदीत होत्या."

नाना उभेच राहिले. "नदीत?"

"उभ्या होत्या. गुडघाभर पाण्यात. मग मी वाटेत टायर बदलायला थांबलो, आता दोन तास तरी झाले."

सूर्य गेला. टपरीवाल्याने कंदील लावला. नाना रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे, ट्रकने हॉर्न दिला की बाजूला व्हायचे, पुन्हा जायचे. मी मनातल्या मनात मुख्याध्यापकांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. मग अंधारातून घंटी वाजली. बाई आल्या त्या पायडल मारतच आल्या. पातळ गुडघ्यापर्यंत भिजून वाळलेलं, आठातले दोनच चिमटे उरलेले. त्या उतरल्या आणि त्यांना उभं राहता येईना, तेव्हा नानांनी हँडल धरलं आणि मी त्यांना धरलं. मला रडू येत होतं. बाईंनी श्वास घेतला आणि नानांना पहिला प्रश्न विचारला.

"इथून तुमच्या घरापर्यंत चढ आहे का उतार?"

नाना चाळीस वर्षं त्या रस्त्याने जात-येत होते. विचार करून म्हणाले, "सपाट आहे, बाई."

बाई हसल्या. "चला, बघू." सायकल नानांनी ढकलत नेली. कोपऱ्यावर ते थांबले, कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, "थोडा चढ दिसतोय."

जेवताना बाईंनी सगळं सांगितलं. एकदाही त्या कुठल्या वाहनात बसल्या नव्हत्या; तीन ठिकाणी सायकल ढकलली, ती तीनही ठिकाणं वहीत होती. बोरीत त्या उतरल्या, कारण पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईला अलीकडून विचारलेलं ऐकू जात नव्हतं. "तिला म्हटलं, या नदीला काय म्हणता? म्हणाली, नदी. म्हटलं, अहो, पण दुसऱ्या नदीला मग काय म्हणता? तर म्हणाली, दुसरी कोठे शे?" बाई घास हातात धरून आनंदाने आमच्याकडे पाहत राहिल्या. "कंडक्टर खरं बोलत होता गं."

मग मला विचारलं, "आणि तुला बसमधून काय दिसलं?"

"झोप लागली होती."

"अरेरे," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पंगतीत कुणाच्या पानात गोड वाढायचं राहून जावं तशी ती हळहळ होती, आणि म्हणून ती मला जास्त लागली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जळगाव-धुळे रस्त्याची वरखाली रेघ काढली आणि मुलांना सांगितलं, "सपाट आहे असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते ऐकीव होतं." जुन्या विद्यार्थ्यांचं काय, ही रुखरुख त्यांना बरेच दिवस होती. बँकेत काउंटरवर बसलेल्या एका माजी विद्यार्थ्याला त्यांनी पाठीमागच्या रांगेसकट थांबवून ती दुरुस्ती कळवली.

निवृत्त झाल्यावर बाई बडोद्याला भाचीकडे राहायला गेल्या. गुडघे गेले होते, सायकल भाऊंच्या मुलीला दिली. मग कार्डं यायची. त्यांत प्रकृतीबद्दल कधी काही नसे, सगळे प्रश्नच. बदली होऊन मी धुळ्यालाच आले होते. एकदा मी त्यांना लिहिलं, की हल्ली संध्याकाळी पांझरा नदीकडे फिरायला जाते, पाणी छान असतं. आठवड्यात उत्तर आलं, एका ओळीचं: "पाण्यात उतरलीस, की पुलावरूनच?"

पुलावरूनच पाहत होते. खोटं लिहिणं शक्य नव्हतं आणि खरं लिहायची लाज वाटली. म्हटलं, उतरते आणि मग लिहिते. पण उन्हाळा लागला, पात्र कोरडं पडलं. पावसाळ्यात पाणी आलं ते उतरण्यासारखं नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास भाचीचं पत्र आलं, बाई गेल्याचं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, असं तिने लिहिलं होतं.

दिवाळीच्या आधी एक दिवस मी चपला काठावर काढून ठेवल्या आणि पांझरेत उतरले. माझा जन्म त्या नदीच्या काठचा. तळाशी वाळू असेल असं मी पस्तीस वर्षं धरून चालले होते. वाळू नव्हती. गोटे होते, शेवाळलेले, आणि पाणी घोट्याच्या वर चार बोटं, हवेपेक्षा गार.